चौऱ्याण्णवावं नाव

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांचं एक सरकारी केंद्र होतं. बाहेर पाटी होती, 'वाचन केंद्र'. त्यामुळे आठवड्यातून एखादे तरी आजोबा आजचा पेपर आलाय का म्हणून आत डोकवायचे. पद्मजा मगदूम त्यांना बाकावर बसवायची, पाणी द्यायची आणि सांगायची, "आजोबा, इथं आम्ही यंत्रं वाचतो. तुमच्या कानातलं वाचायचं असेल तर सांगा."

कारण २०४६ साली बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या अंगात काही ना काही यंत्र असायचंच. कुणाच्या कानात, कुणाच्या गुडघ्यात, कुणाच्या काळजाशी. आणि तीन वर्षांपूर्वी 'खुली नोंद' कायदा झाल्यापासून त्या यंत्रानं जे जे साठवून ठेवलं असेल ते सगळं, साध्या मराठीत, काही न वगळता छापून मागायचा तुम्हाला हक्क होता. तुम्ही नसाल तर तुमच्या वारसाला.

भाद्रपदातल्या त्या दुपारी जी बाई आत आली तिला मात्र पद्मजानं पाणी दिलं नाही. तिला ते सुचलंच नाही.

ती तिची थोरली बहीण होती, त्रिशला चौगुले. अकरा वर्षांत दोघी एका छपराखाली यायच्या त्या फक्त जैन बस्तीत, देवदर्शनाला. तिथंही त्रिशला तिच्या शेजारून अशी जायची, की जणू तिथं एक खांब उभा आहे.

त्रिशलानं काखेतला पोळ्यांचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला.

"आक्का, बस तरी."

"बसायला न्हाई आले. मशिनीकडं काम आहे, तुझ्याकडं न्हाई. दुसरं कोण असेल त्याला बोलव."

"दुसरं कोणी नाही. मीच."

"म्हंजे हितंबी तूच," त्रिशला म्हणाली आणि तिनं झाकण काढलं.

आत पंच्यात गुंडाळलेला एक हात होता. करड्या रंगाचा, मनगटापर्यंतचा, कृत्रिम. तर्जनीच्या पेरावर ग्रीसचा काळा डाग अजून तसाच होता.

"शेवडेसाहेब आले होते परवा," त्रिशला म्हणाली. "हा हात कंपनीच्या संग्रहालयात ठेवतो म्हणाले. काचेच्या पेटीत, खाली ह्यांचं नाव. मला शाल पांघरली. मला वाटलं, ज्या माणसाला ह्यांच्या मयतीला यायला सवड झाली न्हाई, त्याला आत्ताच हा हात कशाला आठवला? म्हणून म्हटलं, द्यायच्या आधी वाचून घ्यावा. ह्यांचा सराव आहे म्हणतात ह्यात. तेवढा मला कागदावर काढून दे."

पद्मजानं चेहरा हलू दिला नाही. याच हाताची ती अकरा वर्षं वाट पाहत होती.

पुढचं नीट कळायचं तर आधी तो हात कळायला हवा.

त्रिशलाचा नवरा जिनदत्त ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायचा. एका चक्कीच्या दातेरी चाकांत त्याचा उजवा पंजा गेला. मिरजेतल्या 'पंचांगुली' नावाच्या कंपनीनं त्याला कृत्रिम हात बसवला. त्या हाताची नवलाई अशी, की तो शिकायचा. माणसानं मूठ मिटायचं मनात आणलं की दंडातल्या नसांतून बारीकसा विजेचा संदेश येतो. हात तो संदेश ऐकायचा, मूठ मिटायचा आणि किती जोरानं मिटली, वस्तू निसटली का, चिरडली का, हे टिपून ठेवायचा. पुढच्या वेळी थोडं बरं करायचा. दोन-तीन वर्षांत हात माणसाला आणि माणूस हाताला ओळखू लागायचा. या साठलेल्या शिकण्यालाच सगळे 'सराव' म्हणत.

आता समजा, हात जुना झाला आणि नवा बसवायचा आहे. सराव पुन्हा पहिल्यापासून का करायचा? तो उचलून नव्या हातात ठेवता आला पाहिजे. पण हाताच्या आत, चालू प्रोग्रॅममध्ये, सराव असतो तो 'ऑब्जेक्ट'च्या रूपात, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या पेटीसारखा. ती पेटी तशीच्या तशी बाहेर काढता येत नाही. प्रत्येक कप्प्यात काय आहे ते ओळीनं लिहून काढावं लागतं, आणि प्रत्येक ओळीच्या आधी आणि शेवटी त्या कप्प्याच्या नावाची चिठ्ठी लावावी लागते. एक्सएमएल म्हणतात त्या जुन्या, भरवशाच्या पद्धतीत असंच करतात. नवा हात त्या चिठ्ठ्या वाचतो आणि आपल्या पेटीतले कप्पे भरतो.

इथं एक गोम आहे. घर बदलताना स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, पण थोरलीनं एका डब्यावर 'साखर' लिहिलं आणि धाकटीनं तशाच दुसऱ्यावर 'चहात घालायचं' असं लिहिलं, तर काय होईल? नव्या घरात 'साखर' शोधणाऱ्याला धाकटीचा डबा दिसूनही दिसणार नाही. माणूस असला तर निदान विचारेल तरी. यंत्र विचारत नाही. चिठ्ठी सापडली नाही की तो कप्पा रिकामा ठेवतं आणि पुढं जातं. रिकामा म्हणजे शून्य.

पंचांगुलीत दोन तुकड्या होत्या. एक कप्प्यांना बोटांवरून नावं द्यायची, दुसरी कामांवरून. एकाच गोष्टीला दोन नावं. तेव्हा तिथं नोकरीला असलेल्या पद्मजानं हे पाहिलं आणि वर्षभर खपून एक तक्ता केला. प्रत्येक गोष्टीला एकच नाव, सगळीकडे तेच, आणि नाव करायची रीतही एकच. हाताबद्दल असेल तर आधी अवयव, मग क्रिया, मग माप. कंपनीकडून हाताला आलेल्या हुकमाबद्दल असेल, कारण हात तेही टिपायचा, तर आधी कोणी, मग काय, मग केव्हा. वर एक तपास लावला, की अनोळखी चिठ्ठी दिसली किंवा हवी ती सापडली नाही, तर तिथंच थांब आणि ओरड.

नव्या हातांचा समारंभ १ जूनला होता. मंत्री येणार होते. दोन दिवस आधी चाळीस हात एकामागून एक थांबले आणि ओरडू लागले, कारण दुसऱ्या तुकडीनं नावं बदललीच नव्हती. तेव्हाचा विभागप्रमुख निरंजन शेवडे. त्यानं नावं बदलली नाहीत, ओरडणं बंद केलं. हात गप्प झाले आणि समारंभ झोकात झाला.

तिसऱ्या दिवशी जिनदत्त नवा हात घालून पवनचक्कीच्या शिडीवर सत्तर फुटांवर होता. शिडीवर कमीत कमी किती जोर कायम ठेवायचा याचा एक कप्पा होता. नव्या हातात तो शून्य होता.

चौकशी झाली. कंपनीनं छापलेल्या नोंदीत 'हुकूम कोणाचा' हे कप्पे वगळलेले होते, 'अंतर्गत' म्हणून. जे उरलं त्यावरून दिसलं एवढंच, की नावांचा घोळ झाला. आणि नावांचा तक्ता कुणाचा? पद्मजा मगदूमचा. तिची नोकरी गेली. पण त्याहून वाईट म्हणजे तेराव्या दिवशी त्रिशलानं चारचौघांत तिला विचारलं होतं, "माझ्या नवऱ्याच्या हाताला तू काय नाव दिलं होतंस गं?" आणि दार लावून घेतलं होतं.

त्या दिवसापासून पद्मजानं शेवडेचा राग शेगडीतल्या निखाऱ्यासारखा जपला. राखेनं झाकायचा, विझू द्यायचा नाही. खुली नोंद कायद्याचा मसुदा लिहायला तिनं फुकट पाच वर्षं घातली. एखादा कप्पा वगळला तर कागदावर 'अपूर्ण' असा शिक्का पडेल आणि तो कागद न्यायालयात चालणार नाही, हे कलम तिचंच, आणि छपाईतली नावंही तिच्याच तक्त्यातली. समितीतल्या लोकांना वाटायचं, बाई किती तत्त्वाची आहे. बाईच्या डोळ्यांपुढं तेव्हा फक्त एक चेहरा असायचा.

अकरा वर्षं मेलेल्या हाताला एकदम वीज देऊन चालत नाही. पद्मजानं तो हलक्या प्रवाहावर लावला आणि त्रिशलाला परवा यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या बाकावर येऊन बसला तो शेवडे. आता तो पंचांगुलीचा अध्यक्ष होता, आणि हात वाचायला घेतला की कंपनीला सूचना जायचीच.

"पद्मजाताई! किती वर्षांनी. केस पांढरे झाले की हो तुमचे."

"तुमचे काळे झाले."

तो मनापासून हसला. "तो हात वाचू नका असं मी म्हणणार नाही. कायद्याचा मसुदा कुणी लिहिला ते मला ठाऊक आहे. नुसती एक आठवण द्यायला आलो. तपास बंद करायच्या त्या हुकमाला दोघांची मान्यता लागत होती. पहिली माझी. दुसरी कुणाची, ताई?"

पद्मजानं हाताला लावलेल्या तारेकडे पाहिलं.

"चौकशीत शपथेवर सांगितलंत, मला काहीच माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. उपकारच म्हणा की."

"दुसरी मान्यता दाखवायची तर पहिली दाखवावी लागली असती. म्हणून नाही उघडलंत."

"तेच तर म्हणतो. आपण दोघं एकाच बाकावर आहोत." त्यानं शेजारची जागा थोपटली. "दुसऱ्या मान्यतेचा कप्पा आम्ही त्या समारंभापुरता जोडला होता. तुमच्या तक्त्यात त्याला नाव नाही. त्र्याण्णव नावं आहेत, मी मोजलीत. कायदा झाल्यावरही तुम्ही तेवढं एक दिलं नाहीत. का, ते मी विचारत नाही. उद्या यंत्र तिथं थांबेल आणि विचारेल, नाव द्या किंवा वगळा. वगळा म्हणा. 'अपूर्ण' शिक्का पडू दे. तुमच्या बहिणीला सराव हवाय, तो मिळेल. पुढच्या महिन्यात मी जाहीर करतो, की नावांची ही रीत मूळची पद्मजा मगदूम यांची. सगळ्यांचं भलं."

"जिनदत्तदाजी सोडून."

"ते तर गेलेच हो," शेवडे म्हणाला आणि उठला.

त्याचं म्हणणं खरं होतं. ३० मेच्या दुपारी तिच्यापुढं चाळीस सूचना आल्या होत्या. समारंभाचं भाषण टाइप करता करता तिनं सगळ्यांवर एकदम 'मान्य' दाबलं होतं, एकही न उघडता. नंतर कळलं तेव्हा अंत्ययात्रा निघाली होती.

तिसऱ्या दिवशी त्रिशला आली तेव्हा तिनं चष्मा आणला होता.

"मी वाचणार," ती म्हणाली. "तू वाचून दाखवायचं न्हाई. तुझा भरवसा न्हाई मला."

"तूच वाच."

पद्मजानं हाताची तार यंत्राला जोडली, पडदा उजळला आणि ओळी खाली सरकू लागल्या. सातवीपर्यंत शिकलेली त्रिशला बोट ठेवून वाचत होती. "अंगठा, दाब, जोर. तर्जनी, वळण, कोन... अगं, हे तर मला कळतंय."

"कळावं म्हणूनच अशी नावं आहेत."

ज्याचा हात असेल त्याला आपल्या खास पकडींना स्वतःची नावं देता यायची. जिनदत्तनं दिली होती. 'मोठा पाना'. 'चहाचा कप'. 'शिडी'. मग एक नाव आलं आणि त्रिशलाचं बोट काचेवरच राहिलं. 'त्रिशला'.

"हे काय आहे?"

पद्मजानं कप्पा उघडला. बोटं मिटण्याचा जोर अगदी कमी, कप धरायच्या निम्मा. वेळ, दोन सेकंद. शेवटचा वापर, ३ जून, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

"निघताना मनगट धरायचे माझं," त्रिशला म्हणाली. "मी म्हणायची, सोडा, दूध उतू जाईल." ती चष्मा पुसायला लागली आणि पुसतच राहिली.

'शिडी' तिनं स्वतःच उघडली. कमीत कमी जोर, शून्य. ती खाली सरकली. आणि तिथं यंत्र टणकन वाजलं. लाल पट्टीत अक्षरं आली. 'या कप्प्याला नाव नाही. थांबलो आहे. नाव द्या किंवा वगळा.'

"का थांबली?"

पद्मजाचं बोट 'वगळा'वर होतं. जुनं यंत्र आहे आक्का, असं होतं कधीकधी. एवढं म्हटलं की झालं असतं. त्रिशला 'त्रिशला' लिहिलेला कागद घेऊन घरी गेली असती. कदाचित पुढच्या खेपेला बस्तीत थांबलीही असती.

खरं सांगायचं तर त्या घडीला पद्मजाला सत्याची ओढ वगैरे काही वाटली नाही. तिला शेवडे दिसला, बाकावर बसलेला, शेजारची जागा थोपटणारा. तो सुटेल, एवढंच दिसलं, आणि ते सहन झालं नाही. त्याला ओढायचं तर दोराचं दुसरं टोक आपल्याच गळ्याला होतं. मग असू दे.

तिनं बोट बाजूला घेतलं आणि टाइप केलं. 'मान्यता दुसरी'. चौऱ्याण्णवावं नाव.

यंत्र पुढं सरकलं.

त्रिशलानं मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द सुटा करून. "कोणी, निरंजन शेवडे. काय, अनोळखी नावापाशी थांबण्याचा तपास बंद केला. केव्हा, ३० मे, दुपारी तीन वाजून चार मिनिटं."

अकरा वर्षं पद्मजानं ही ओळ कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहिली होती. तिला वाटलं होतं, ऐकताना अंगभर गारवा पसरेल. पसरलाही. पुढची ओळ येईपर्यंत.

"कोणी, पद्म..." त्रिशला थांबली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "कोणी, पद्मजा मगदूम. काय, वरील हुकमाला मान्यता दिली. केव्हा, ३० मे, दुपारी तीन वाजून नऊ मिनिटं. सूचना उघडली का, न्हाई."

बाहेर गल्लीत कुणीतरी सतारीची तार लावून बघत होतं. लागत नव्हती.

"न वाचताच?"

"हो."

"आणि शपथेवर सांगितलंस, मला माहीत न्हाई."

"खोटं बोलले."

"अकरा वर्षं मी तुला खुनी म्हणत होते," त्रिशला सावकाश म्हणाली. "कधी कधी वाटायचं, उगाच म्हणते, सख्खी बहीण आहे. जीव तुटायचा माझा. आणि तू?"

कागद छापून बाहेर आला. खाली गोल शिक्का होता, 'पूर्ण'. त्रिशलानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला, कागद घडी करून डब्यात हाताशेजारी ठेवला आणि झाकण घट्ट बसवून निघून गेली.

दहा दिवसांच्या उपवासांचं दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी जैन घरांत क्षमावाणीचा दिवस असतो. लहान-थोर एकमेकांपुढं हात जोडतात, 'उत्तम क्षमा' म्हणतात, आणि वर्षभरातलं सगळं तिथं मिटतं. समोरच्यानं हात जोडले की आपणही जोडायचे, अशी रीत. त्रिशलानं ही रीत अकरा वर्षं एका माणसापुरती मोडली होती.

त्या सकाळी पद्मजाच्या फोनवर दोनच शब्द आले. 'घरी ये.'

ती पोचली तेव्हा दारात पंचांगुलीची गाडी उभी होती आणि पुढच्या सोप्यात शेवडे मिठाईचा खोका घेऊन उभा होता. कंपनीतली निम्मी माणसं जैन. क्षमावाणीला कुणी हात जोडले तर नाही म्हणता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पूर्ण शिक्क्याचा कागद निघाल्याचंही त्याला कळलं होतं.

त्यानं खोका खाली ठेवून वाकून हात जोडले. "वहिनी, उत्तम क्षमा. झालं गेलं पोटात घाला."

त्रिशला पाटावर बसून होती. तिनं हात जोडले नाहीत. "कशाबद्दल?"

"त्या... जे काही घडलं त्याबद्दल."

"काय घडलं?"

"ती दुर्घटना."

"परवा शाल देताना 'नियतीचा घाला' म्हणाला होता. चौकशीत 'नावांचा घोळ' म्हणाला होता. आज 'दुर्घटना'." त्रिशलानं मान वळवली. "पद्मे, कागदावर काय नाव आहे गं ह्याला?"

"निरंजन शेवडे यांनी अनोळखी नावापाशी थांबण्याचा तपास बंद केला," पद्मजा म्हणाली. "३० मे. दुपारी तीन वाजून चार मिनिटं."

"एका गोष्टीला एकच नाव असतं म्हणे, शेवडेसाहेब. सगळीकडं तेच. हे नाव घ्या आणि मग हात जोडा. मी उलट हात जोडते, देवाशपथ."

शेवडेचे ओठ हलले. त्यानं पद्मजाकडे पाहिलं, दाराबाहेर जमलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या माणसांपुढं ते एक वाक्य बोलणं म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. त्याला खोका उचलायचंही भान राहिलं नाही, तो तसाच बाहेर पडला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला तेव्हा पद्मजाच्या छातीत काहीतरी गोड, तिखट असं भरून आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. तेवढा हक्क आपला आहे, असं तिला वाटलं.

"हसू नको," त्रिशला म्हणाली. "तुझं राहिलंय."

पद्मजा खाली बसली. तिनं हात जोडले. "आक्का, तपास बंद करायच्या हुकमाला मी मान्यता दिली. न वाचता. ३० मे, दुपारी तीन वाजून नऊ मिनिटं. मग शपथेवर खोटं बोलले. अकरा वर्षं."

त्रिशलाचे हात मांडीवरच राहिले.

"तक्रार कधी देणार?"

"उद्या."

"किती नावं घालणार?"

"दोन."

"घाल. मग पुढच्या क्षमावाणीला बघू." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. आत जाता जाता तिनं न वळता विचारलं, "पारणं केलंस का?"

"नाही."

"मग बस. ताट वाढते."

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या न्यायालयातल्या कारकुनानं तक्रारीचा कागद दोनदा वाचला. आरोपींच्या रकान्यात खालचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच होतं.

"मॅडम, इथं काही चुकलंय का?"

"नाही," पद्मजा म्हणाली. "तसंच आहे."

दोन्ही नोंदी एकाच रीतीनं लिहिल्या होत्या. आधी कोणी, मग काय, मग केव्हा.